संगणक विभाग, उणे चार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण या किस्स्यात शेवटी जिंकते मीच. मध्ये थोडी तोंडावर आपटते, ते वेगळं. पण जिंकते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर आमच्याकडची ऐकणारी मंडळी अर्ध्यातच "अगं, पण आधी मोठ्यांना विचारायचंस ना" म्हणून मोकळी होतात. मोठ्यांना विचारलं असतं, तर आज आमचा विभागच राहिला नसता.

तर ऐका.

आमची एक शिक्षणसंस्था आहे. मुख्य कार्यालय अलिबागला आणि शाळा अकरा. बऱ्याचशा किनाऱ्याला, म्हणजे चौल, काशीद अशा, आणि एक पार तिकडे माणगावला, हायवेला लागून. या अकरा शाळांचे दाखले, हजेऱ्या, निकाल, सरकारी पोर्टलवर भरायची माहिती, रुसलेले प्रिंटर आणि "काहीतरी झालंय" एवढ्या एका वाक्यात सांगितली जाणारी सगळी दुखणी ज्या खोलीत येऊन पडतात, तो आमचा संगणक विभाग. खोली जिन्याखाली. माणसं तीन. विभागप्रमुख नाईककाका, मोटारसायकलवरून शाळाशाळांत फिरणारा संतोषदादा, आणि मी, प्राजक्ता ठाकूर. बीएस्सी आयटी, पहिला वर्ग. हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण सांगते.

नाईककाका टंकलेखनाच्या जमान्यातले. संस्थेत पहिला संगणक आला तेव्हा त्याला हार घालून पेढे वाटले होते म्हणे, आणि हार काकांनीच आणला होता. आजही ते दहा बोटांनी टाइप करतात, पण माउस असा धरतात, जणू सोडला की टेबलाखाली पळेल. स्वभाव इतका शांत की यंत्र बंद पडलं तर आधी दोन मिनिटं त्याच्याकडे बघत बसतात. मी विचारलं, काका, काय बघताय? तर म्हणे, "त्याला जरा वेळ देतोय."

आता सांगा, माझ्यासारखीने या माणसाबरोबर दिवस कसे काढायचे?

पण काढत होते. आणि मग एके दिवशी संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी काकांना वर बोलावलं. मागून फाइल घेऊन मी. भाऊंच्या टेबलावर एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका होती. नवी मुंबईच्या एका कंपनीने कळवलं होतं की तुमच्या अकराही शाळांचं संगणकाचं सगळं काम आम्ही बघतो, तुम्हाला विभाग ठेवायची गरजच नाही. तीन आठवड्यांनी कार्यकारी मंडळाची बैठक होती. निर्णय तिथे व्हायचा.

विभाग बंद झाला तर काकांना कुठल्यातरी शाळेच्या ग्रंथालयात बसवणार होते. संतोषदादाला कार्यालयात शिपायाचं काम. आणि मी? मी कंत्राटी. माझं नाव कुठल्या कागदात नव्हतंच.

भाऊंनी काकांना एकच विचारलं. आपला विभाग चांगला चालतो, हे मी मंडळाला कशावरून सांगू?

काका म्हणाले, "भाऊ, आजवर कुणाची तक्रार नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तक्रार नाही, हे काय माप झालं? स्मशानातूनही कुणाची तक्रार येत नाही!

हे मी मनात म्हटलं असं मला वाटलं. पण भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं, मोठ्याने म्हटलं होतं. मग मागे काय हटायचं? मी म्हटलं, "भाऊ, मी मोजून दाखवते. आपल्या सेवेचा दर्जा."

"दर्जा मोजणार? फूटपट्टीने?" असं म्हणून भाऊ स्वतःच हसले. मोठ्या माणसांना हे एक बरं असतं. विनोदही त्यांचा, दादही त्यांचीच.

पण खरंच मोजता येतो. कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं, आणि पद्धत इतकी सोपी आहे की तुम्हालाही चहा संपायच्या आत कळेल. एक फॉर्म करायचा. त्यात दहा वाक्यं. उदाहरणार्थ, "यंत्र बंद पडल्यास विभाग ते वेळेत दुरुस्त करतो." प्रत्येक वाक्यापुढे दोन रकाने. डाव्या रकान्यात, ही सेवा कितपत मिळायला हवी अशी तुमची अपेक्षा आहे, त्याला एक ते सातपैकी गुण द्यायचे. उजव्या रकान्यात, प्रत्यक्षात कितपत मिळते त्याला गुण द्यायचे. उजव्यातून डावा वजा केला की झालं. शून्य आलं तर अपेक्षेइतकं मिळालं. उणे आलं तर विभाग कमी पडला. अधिक आलं तर विभागाची आरती करा.

काकांना मी हे जिन्यावरून उतरता उतरता समजावलं. खाली पोचल्यावर ते म्हणाले की फॉर्म पाठवू नकोस, त्यापेक्षा प्रत्येक शाळेत जा, मुख्याध्यापकांकडे चहा घे, अर्धा तास इकडचं तिकडचं बोल, काय दुखतंय ते माणूस आपणहून सांगतो.

मी म्हटलं, काका, अकरा शाळांत अकरा चहा घेऊन मला पित्त होईल, माहिती मिळणार नाही. तिसऱ्या दिवशी फॉर्म रवाना केले.

आठवड्याभरात सगळे परत आले. अकराच्या अकरा. मी काकांच्या नाकासमोर तो गठ्ठा नाचवला आणि उघडून बसले.

पहिला काशीदचा. तिथले मुख्याध्यापक मुकादम सर म्हणजे अदबीचा पुतळा. दुबईत आठ वर्षं शाळेत शिकवून परत आलेले. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. डाव्या रकान्यात दहाही ठिकाणी एक. उजव्या रकान्यात दहाही ठिकाणी सहा. खाली लिहिलं होतं, "विभागाची मेहरबानी आहे."

मला वाटलं, सरांची काहीतरी गडबड झाली. दुसरा फॉर्म चौलचा, घरत सरांचा. त्यांनी डावीकडे शून्य लिहिलं होतं. शून्य! मोजपट्टी एकपासून सुरू होते, तरी सर तिच्याही खाली उतरले होते. तेही लाल शाईने. तिसरा माणगावच्या जाधव बाईंचा. डावा रकाना पूर्ण रिकामा आणि त्यावर आडवी रेघ मारून सुवाच्य अक्षरात: "विशेष काही अपेक्षा नाही."

अकराही फॉर्म याच चालीवर.

मी हिशेब मांडला. आमच्या विभागाचा गुण आला अधिक साडेचार! जिन्याखालच्या खोलीतली तीन माणसं आणि चार जुनाट यंत्रं, जगातला सर्वोत्तम संगणक विभाग!

काकांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "छान आहे की. पाठव वर."

आता इथे कुणीही शहाणा माणूस काय करील? पाठवील. पण मी पहिल्या वर्गातली. मला ते खोटं यश सहन होईना. माणसाने अपेक्षाच ठेवली नाही, तर पायात काटा न टोचणारा प्रत्येक जण त्याला देवमाणूस वाटणार. याला काय मोजमाप म्हणतात?

मी फोन उचलला आणि आधी मुकादम सरांना विचारलं, सर, तुमचा प्रिंटर गेल्या महिन्यात चार दिवस बंद होता, तरी तुमची अपेक्षा एक?

"बेटा," सर म्हणाले, "आपल्याच माणसांना तकलीफ द्यायची, आणि वर अपेक्षाही लिहून द्यायची? शोभतं का ते?"

घरत सर तर हसायलाच लागले. म्हणाले, "अगं, पोराचं लग्न ठरवताना पोरीचा बाप इचारतो, तुमची काय अपेक्षा? तवा आपन काय सांगतो? काय न्हाय, पोरगी आन् नारळ. मंग मनात कायबी असूदे. तू हेड ऑफिसची. तुला लेखी कोन सांगंल?"

बघा म्हणजे! मी विचारत होते सेवेचा दर्जा, आणि अकरा मुख्याध्यापक बसले होते सोयरिकीच्या बैठकीत. काका ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर "चहा घ्यायला सांगितलं होतं" असं स्पष्ट लिहिलं होतं. ते वाचून मी आणखी पेटले.

ते सगळे फॉर्म मी फाडले. माझ्या स्वतःच्या हातांनी, चार चार तुकडे. आणि टेबलाशी बसून एक परिपत्रक लिहिलं.

आता ज्यांच्या घरात कुणी शिक्षक नाही, त्यांना परिपत्रक म्हणजे काय ते कळायचं नाही. मुख्याध्यापकाला तुम्ही विनंती करा, तो विचार करतो. फोन करा, बघतो म्हणतो. पण जावक क्रमांक टाकून, गोल शिक्का मारून एक कागद पाठवा, तो उभं राहून वाचतो. हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी लिहिलं: "सर्व शाळांनी संगणक विभागाकडून असलेल्या आपल्या अपेक्षा निःसंकोचपणे व जास्तीत जास्त नोंदवाव्यात. अपेक्षा न नोंदवणाऱ्या शाळांची नोंद घेतली जाईल."

शेवटचं वाक्य काकांना दाखवलं नाही. त्यांनी सही मात्र केली. माझ्यावर विश्वास ठेवून, न वाचता.

"नोंद घेतली जाईल." या तीन शब्दांनी रायगडच्या किनाऱ्यावर जे झालं, ते वादळानेही झालं नसेल.

चौलला घरत सरांनी दुसऱ्याच दिवशी शिक्षकांची सभा घेतली. माणगावला जाधव बाईंनी अपेक्षा संकलन समिती नेमली, तिला उपसमिती जोडली आणि दोन्हींचं इतिवृत्त ठेवलं. एका शाळेने पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या. एकीकडे तर आठवीच्या वर्गाला निबंधच घातला, "संगणक विभागाकडून माझ्या अपेक्षा." त्यातली एक मुलगी लिहिते की संगणक विभागाने मे महिन्याची सुट्टी वाढवावी. तिचा निबंधही जोडपत्र म्हणून आला.

मला हे सगळं संतोषदादाकडून कळत होतं. तो ज्या शाळेत जाई तिथे त्याला बसवून विचारत, अजून काय काय अपेक्षा ठेवता येतील हो? तो हैराण. मला येऊन म्हणाला, "तू त्यांना काय दिलंस गं? काल काशीदला मुकादम सरांनी मला पहिल्यांदा विचारलं, इतका उशीर का."

मी म्हटलं, बघ, लोक जागे होतायत. भलतीच खूश होते मी!

मग फॉर्म आले. फॉर्म कसले, बाडं. प्रत्येकाला पुरवण्या जोडलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या, उत्तरपत्रिकांसारख्या. डाव्या रकान्यात सात, सात, सात, सात. घरत सरांनी सातपैकी आठ दिले होते. आणि उजवीकडे? तीन. दोन. तीन. कारण आपल्याला काय काय मिळायला हवं होतं याची यादी करायला माणूस एकदा बसला ना, की आजवर आपल्याला किती फसवलंय ते त्याच्या लक्षात येतं. ज्या मुकादम सरांना आठवड्यापूर्वी आमची मेहरबानी वाटत होती, त्यांनी आता उजवीकडे तीन दिले होते आणि खाली लिहिलं होतं, "क्षमस्व. पण आपणच विचारलंत."

बेरीज वजाबाकी केली. उणे चार.

पुन्हा केली. उणे चारच.

अधिक साडेचारचे फॉर्म कुठे होते? रद्दीच्या टोपलीत, तुकड्या तुकड्यांत. आणि ती टोपली कधीच रिकामी झाली होती.

बरं, हे फॉर्म लपवावेत म्हटलं तर तीही सोय नव्हती. पत्राच्या तळाशी "प्रत माहितीस्तव" लिहून एक प्रत वर पाठवल्याशिवाय मुख्याध्यापकाला चैन पडत नाही. अकराही बाडांच्या प्रती भाऊंच्या टेबलावर माझ्याआधी पोचल्या होत्या.

म्हणजे बघा, विभाग वाचवायला निघालेल्या मुलीने विभाग निरुपयोगी आहे याचा लेखी पुरावा, शिक्क्यासकट, अकरा ठिकाणांहून मागवून घेतला होता. कंपनीला याहून चांगला नोकर शोधून सापडला नसता.

काकांना मी सगळं सांगितलं. परिपत्रकातलं शेवटचं वाक्यही. मला वाटलं होतं, आता तरी ओरडतील. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं, कागद नीट घडी करून खणात ठेवला आणि विचारलं, जेवलीस का. सांगा, अशा माणसाचं काय करायचं? धड भांडताही येत नाही.

बैठकीचा दिवस आला. वरच्या सभागृहात लांब टेबल, एका बाजूला मंडळाचे सदस्य, समोर अकरा मुख्याध्यापक, आणि मधल्या खुर्चीवर कंपनीचे साहेब. अलिबागच्या त्या घामट हवेत कोट घालून आले होते. भिंतीवर चित्रं दाखवून त्यांनी अर्धा तास सांगितलं की आमची सिस्टीम कशी, आमचा डॅशबोर्ड कसा. एक वयस्क सदस्य मान डोलावत होते. नंतर कळलं, त्यांना डुलकी लागली होती.

मग भाऊंनी आमचा कागद उचलला. "संगणक विभाग. उणे चार." आणि माझ्याकडे बघून, "प्राजक्ता, हे तूच मोजलंस ना?"

मी हो म्हटलं. कंपनीच्या साहेबांनी वहीत "-4" लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मला त्या रेघांचा आवाजही ऐकू आला.

तेवढ्यात नाईककाका उठले. कधी नव्हे ते खुर्चीचा आवाज करून उठले. म्हणाले, "भाऊ, परिपत्रकावर सही माझी आहे. काय उणं असेल ते माझं. पोरीचं त्यात काही नाही."

बस्स. याची मला भयंकर चीड आहे. मोठ्या माणसांनी असं गुपचूप सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायचं, आणि आपण खाली मान घालून उभं राहायचं! मी उभी राहिले. काय बोलायचं ते माझं मलाच माहीत नव्हतं, पण तोंड उघडल्यावर ते सापडलं.

"भाऊ, उणे चार हे आमचं आहे. यांचं किती?"

भाऊंना कळेना. मी म्हटलं, डावा रकाना शाळांनी भरलेला आहे. त्यांना काय हवंय ते त्यांनी लिहून दिलंय. आम्ही ते किती देतो तेही मोजलंय. आता तोच उजवा रकाना या साहेबांनी भरावा. मी एकेक अपेक्षा वाचते, जमेल की नाही तेवढं त्यांनी सांगावं, आणि गुण तुम्ही द्या.

भाऊंनी पेनाचं टोपण काढलं. मोठ्या माणसांना गुण द्यायला फार आवडतात, हे माझं निरीक्षण त्या दिवशी उपयोगी पडलं.

मी चौलचं बाड उघडलं. निकालाच्या आदल्या दिवशी प्रिंटर बिघडला, तर त्याच दिवशी माणूस यावा.

साहेब म्हणाले की तक्रार नोंदवल्यापासून दोन वर्किंग डेजमध्ये त्यांचा इंजिनिअर नक्की पोचेल.

घरत सर पुढे झुकले. "निकाल उद्या, आन् तुमी येनार परवा? मंग पोरं काय पुढच्या वर्षी पास व्हायची?"

भाऊंनी एक गुण दिला.

काशीद. नेट गेलेलं असेल तेव्हाही मुलांना दाखले मिळावेत. आमच्याकडे हे संतोषदादा करतो. दाखल्यांची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मोटारसायकलने जातो. साहेब म्हणाले की नेटची तक्रार त्यांच्या पोर्टलवर टाकावी, लगेच तिकीट, म्हणजे तक्रारीचा नंबर, तयार होईल.

मुकादम सरांनी अतिशय अदबीने हात वर केला. "साहेब, माफ करा. नेट गेलं आहे ही तक्रार, ती नेटवरून करायची?"

साहेब म्हणाले, हो, चोवीस तास सुविधा आहे.

"जी," मुकादम सर म्हणाले आणि त्यांनी हात खाली घेतला. त्या एका 'जी'वर टेबलाच्या दोन्ही बाजू हसल्या. डुलकीवाले सदस्य जागे झाले.

भाऊंनी शून्य दिलं. घरत सरांच्या लाल शाईतलं शून्य मला आठवलं, पण हे जास्त गोड होतं.

आता मी रंगात आले. यंत्राच्या पेटीत पाल शिरली, तर कुणी काढायची? साहेबांनी शेजारच्या माणसाशी कुजबुज केली आणि सांगितलं की जिवंत प्राणी करारात येत नाहीत. मुलाच्या आईचं नाव सरकारी यादीत चुकलं, तर चूक कुणाची ते ठरवत न बसता आधी दुरुस्त करून द्याल? ते स्कोपच्या बाहेर आहे. दहावीचे फॉर्म भरताना शेवटच्या संध्याकाळी तुमचा माणूस शाळेत बसून राहील? त्याचं वेगळं बोलावं लागेल.

एकेका उत्तरासरशी मुख्याध्यापकांचे चेहरे बघायला हवे होते तुम्ही. दोन आठवड्यांपूर्वी "काही अपेक्षा नाही" म्हणणारी ही माणसं! आता प्रत्येकाला कंठ फुटला होता. जाधव बाईंनी तर समितीचं इतिवृत्त काढून पानाच्या क्रमांकासकट प्रश्न विचारला. आणि कुणीतरी मागून म्हणालं की हे सगळं नाईककाका करतात की, न सांगता करतात, आपण कधी मोजलंच नाही. काका चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

भाऊंनी बेरीज केली आणि साहेबांचा आकडा जाहीर केला. उणे सहा.

साहेबांनी तो वहीत लिहिला नाही.

सभागृहात टाळ्या पडल्या. मंडळाच्या बैठकीत टाळ्या! आणि त्या माझ्यासाठी. आता इथे थांबायला काय हरकत होती? विभाग वाचला होता. पण एकदा गाडी उतारावर सुटली की मला ब्रेक सापडत नाही. माझ्या हातात माणगावचं बाड होतं आणि त्यात शेवटचं एक पान उरलं होतं. ते मी आधी वाचलेलं नव्हतं. उणे चार आल्यावर पुरवण्या वाचायची कुणाला इच्छा राहते?

मी पान उलटलं, आवाज चढवला आणि भर सभेत वाचलं:

"'समितीस असे आढळले की पुढील अपेक्षा सर्व अकरा शाळांची आहे. विभागात फोन घेणाऱ्या मॅडमने फोन उचलताच पहिलं वाक्य, आता काय करून ठेवलंत, हे म्हणू नये.' बोला साहेब, जमेल?"

"जमेल" हा शब्द तोंडातून निघाल्यावर मी काय वाचलंय ते मला कळलं.

आमच्या विभागात काकांचं डोकं यंत्रात असतं. संतोषदादा रस्त्यावर असतो. फोन घेणारी मॅडम एकच.

जाधव बाई छताकडे बघत होत्या. मुकादम सरांनी मान इतकी खाली घातली होती की त्यांना वाटत असलेली शरम माझ्यापेक्षा जास्त असावी. आणि कंपनीचे साहेब, ज्यांनी पाऊण तासात एकाही अपेक्षेला हो म्हटलं नव्हतं, ते पहिल्यांदा हसले. कोट सारखा करत उभे राहिले.

"मॅडम, हे आम्ही शंभर टक्के करू शकतो."

भाऊंनी त्यांना सातपैकी सात दिले.

त्यानंतर किती वेळ कोण कोण हसत होतं ते विचारू नका. मतदान झालं. कंपनीचा प्रस्ताव फेटाळला गेला, आमचा विभाग कायम राहिला, माझं कंत्राट वाढलं, संतोषदादाला नवी गाडी द्यायचं ठरलं. बघा, म्हटलं होतं ना, जिंकते मीच! इतिवृत्तात ते सगळं आहे, सही शिक्क्यासकट.

त्याच इतिवृत्तात, त्याच्या लगेच खाली, आणखी एक ठराव आहे: "यापुढे संगणक विभागातील दूरध्वनी श्री. नाईक यांनीच घ्यावा." ठराव एकमताने मंजूर झाला. मंडळात मला मत नाही, पण भाऊंनी "अनुकूल?" असं विचारलं तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना जे हात वर झाले, त्यात पहिला माझाच होता.